चार तारा, पाच गिटारी

बेस गिटारला तारा चार. वाजवणाऱ्याला हात दोन. मग भिंतीवर गिटारी पाच कशा?

हिशेब सोपा आहे. पहिली शिकण्यासाठी आली. दुसरी ‘आता जरा चांगली’ म्हणून. तिसरी पाच तारांची, कारण चार पुरेनाशा झाल्या. चौथी फ्रेट नसलेली, कारण मधल्या काळात फ्रेटलेस बेस वाजवणारा जॅको पास्टोरियस ऐकण्यात आला. पाचवीवर सूट होती.

सहावीचे फोटो रात्री साडेअकराला अंथरुणात पडून बघणं चालू आहे.

यात कुणी धनाढ्य नाही. पुण्या-मुंबईत, ठाण्या-नाशकात आठवडाभर नोकरी करायची आणि रविवारी दोन तास बँडमध्ये वाजवायचं, अशी ही मंडळी. हौस खरी आहे. गाण्यावरचा जीवही खरा आहे. म्हणूनच त्यांना विचारायला हवं: पहिल्या गिटारीवर काय येत नव्हतं, जे पाचवीवर यायला लागलं?

उत्तर ठरलेलं. ‘टोन.’

बरं, टोनचंच बोलू.

जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा बेसवादक. १९६० च्या दशकात मोटाउनच्या ज्या गाण्यांनी अमेरिकेचा रेडिओ व्यापला, त्यातल्या कितीतरी गाण्यांचा पाया या एका माणसाने घातला. स्टुडिओ होता वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात. तिथले वादक त्या खोलीला ‘स्नेकपिट’ म्हणत, म्हणजे सापांचं बीळ.

या बिळात जेमरसनकडे काय होतं? १९६२ ची एक फेंडर प्रिसिजन बेस. त्यावर जाड, गुळगुळीत, फ्लॅटवाउंड तारा. त्या तुटल्याशिवाय तो बदलत नसे. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. त्या बोटालाही नाव पडलं होतं: ‘हुक’.

एक गिटार, एक बोट, जुन्या तारा. आणि आज जगभरचे बेसवादक त्याच्या ओळी कागदावर उतरवून घोकतात.

त्याचं नाव मात्र वर्षानुवर्षं तबकडीवर छापलंच गेलं नाही. मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या १९७१ च्या अल्बमवर ते झळकलं. १९८३ मध्ये जेमरसन गेला. त्याच्या थोडंच आधी ती गिटार चोरीला गेली होती.

आज १९६२ ची प्रिसिजन हवी असेल, तर लाखांच्या गोष्टी कराव्या लागतात. जेमरसनने घेतली तेव्हा ती दुकानातली एक नवी गिटार होती. तिला भाव आला तो अशा लोकांच्या वाजवण्याने. आपण भाव मोजतो आणि वाजवणं पुढच्या रविवारी ढकलतो.

आणखी एक गंमत बघा. जेमरसनने तारा बदलल्या नाहीत, पण वर्षानुवर्षं गिटारही बदलली नाही. आपल्याकडे गिटार बदलते आणि तारा तीन वर्षं त्याच!

त्यांना गंज चढलेला असतो. मुंबईची, कोकणाची, गोव्याची हवा पोलादी तारेला सोडत नाही. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, नेक हलते, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात किंवा फ्रेटवर घासून खरखरतात. बोटं दुखायला लागतात. माणूस ठरवतो, गिटारच बेकार आहे.

गिटार बेकार नसते. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, तिला पाव फेरा दिला की बहुतेक दुखणं जातं. ब्रिजवर तारांची उंची जुळवायची, सूर वरच्या फ्रेटपर्यंत नीट लागतात का तपासायचं, नव्या तारा चढवायच्या. जाणकाराकडून हा सेटअप करून घ्यायला नव्या गिटारीच्या किमतीचा एक लहानसा तुकडा पुरतो.

पण सेटअपचा फोटो कुणाला दाखवणार?

आणि ज्याच्याकडे पाच गिटारी आहेत, त्याच्याकडे पाच नेक आहेत. पाच जोड तारा. ॲक्टिव्ह सर्किट असेल, तर आत विसरलेल्या नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या. एका गिटारीची निगा राखायला ज्याला वेळ नाही, त्याने पाच आजारी माणसं घरात आणून ठेवली आहेत.

आता खोली. बेसच्या सगळ्यात खालच्या, ई तारेचा मोकळा सूर साधारण ४१ हर्ट्झचा. हवेत त्याची एक लाट आठ मीटरहून लांब. आपली खोली दहा बाय बारा फूट. भिंतींवर आपटून या लाटा एकमेकींत मिसळतात. एका कोपऱ्यात बेस गडगडतो, दोन पावलं सरकलं की नाहीसा होतो. एक सूर खिडकी हलवतो, शेजारचा सूर ऐकूच येत नाही.

दोष खोलीचा. दंड गिटारीला.

ॲम्प कोपऱ्यातून काढून दुसरीकडे ठेवून बघायला किती खर्च येतो? शून्य. म्हणून ते कुणी करत नाही. जे फुकट आहे त्यावर आपला विश्वासच बसत नाही.

आणि टोनचा निकाल लागतो कुठे? फोनवर. यूट्यूबवर एक कसलेला वादक नवी बेस वाजवून दाखवतो, आणि आपण फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ते ऐकतो. त्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा सूर बाहेरच पडत नाही. वरचे स्वर ऐकून मेंदू खालचा सूर मनाने भरून काढतो. जो आवाज फोनमधून आलाच नाही, त्याच्यावर भाळून पन्नास हजारांचा व्यवहार होतो.

त्या व्हिडिओतल्या वादकाच्या हाती आपली जुनी गिटार द्या. तीही तशीच वाजेल.

इतिहास बघितला तर या सोसाचं समर्थन आणखीच अवघड होऊन बसतं. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्यापुढचा प्रश्न मात्र स्वच्छ होता. डबल बेस हे माणसाएवढं वाद्य. गाडीत मावत नाही, ड्रम आणि ट्रम्पेटपुढे ऐकू येत नाही, आणि फ्रेट नसल्याने सूर नेमका लागायला वर्षं घालवावी लागतात. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणली. आडवी धरायची, फ्रेट लावलेली, ॲम्पला जोडायची. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ३४ इंच. १९५७ मध्ये तिला दोन तुकड्यांचा पिकअप आला. १९६० मध्ये त्याच कंपनीची जॅझ बेस आली, सडपातळ नेकची, दोन पिकअपची.

आज दुकानात जा आणि पट्टी लावून बघा. बहुतेक गिटारींवर तेच ३४ इंच.

म्हणजे कामाचे मुख्य प्रश्न १९६० पर्यंत सुटले होते. नंतर काहीच झालं नाही असं नाही. गिटारीच्या पोटात बॅटरीवरचं सर्किट आलं, खालच्या बी सुराची पाचवी तार आली, हलकी लाकडं आली. ही खरी भर. पण ‘समुद्री हिरवा’ ही भर नव्हे. तो रंग आहे.

रंग तरी परवडला. १९९५ पासून फेंडरचं कस्टम शॉप ‘रेलिक’ म्हणून गिटारी विकतं. नवी कोरी गिटार घ्यायची, तिच्यावर मुद्दाम ओरखडे काढायचे, रंग खरवडायचा, धातूचे भाग जुनाट दिसतील असे करायचे आणि त्याचे जास्त पैसे घ्यायचे. चाळीस वर्षं रोज वाजवल्यावर उमटतात त्या खुणा आता कारखान्यातून तयार मिळतात.

चाळीस वर्षं मात्र मिळत नाहीत.

कंपन्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचं दुकान आहे, ते चालवतात. फेंडरचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी काही वर्षांपूर्वी उघडपणे सांगितलं होतं: विकल्या जाणाऱ्या गिटारींपैकी सुमारे ४५ टक्के नवशिक्यांकडे जातात आणि त्यातले ९० टक्के वर्षभरात वाजवणं सोडून देतात. जे टिकतात, ते मग अनेक गिटारी आणि ॲम्प घेत राहतात. शिकणारे टिकावेत म्हणून याच कंपनीने २०१७ मध्ये ऑनलाइन शिकवणीही सुरू केली.

हे वाचून तरी डोळे उघडावेत. सोडून जाणाऱ्यांची उणीव कुणी भरून काढायची, ते ठरलेलं आहे. आपण टिकलो, म्हणून आपण गिऱ्हाईक.

आता जरा फिंगरबोर्डवरच्या त्या गडद लाकडाकडे बघा. अनेक गिटारींवर ते शिसवाचं असतं, आणि भारतीय शिसव त्यासाठी जगभर जातं. हे झाड आपल्या सह्याद्रीतही वाढतं. वाढतं म्हणजे फार सावकाश; आजोबाने लावलं तर नातवाने तोडावं असं. शिसवाच्या बेसुमार व्यापारामुळे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली २ जानेवारी २०१७ पासून त्याच्या सगळ्या जातींवर नियंत्रण आलं. वाद्यं बनवणाऱ्यांनी आणि वादकांनी ओरड केली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

सूट गिटारीला मिळाली. झाडाला नाही.

अमेरिकेतही तेच. फेंडरच्या जुन्या गिटारींची ओळख असलेलं स्वाम्प ॲश हे लाकूड. मिसिसिपीच्या पूरक्षेत्रातल्या पाण्याने आणि झाड पोखरणाऱ्या एका किड्याने त्याचा पुरवठा आटला. २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे हे लाकूड मोजक्याच गिटारींना वापरू. जंगल आपल्याला सांगतंय की पुरे. आपण विचारतो, दुसऱ्या कुठल्या लाकडात आहे का?

ज्या गिटारीवर गाणी वाजतात, तिच्यासाठी झाड तुटलं तर निदान त्याचं काही झालं. जी खोक्यातून काढून फोटोपुरती हातात धरली आणि स्टँडवर टांगली, तिच्यासाठी का तुटावं?

कुणी म्हणेल, मोठमोठ्यांकडेही ढीग असतो. असतो. ‘द हू’ या बँडचा जॉन एन्टविसल हा अफाट बेसवादक आणि तितकाच अफाट संग्राहक. २००२ मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये सदबीजने त्याच्या वाद्यांचा लिलाव केला. त्यात त्याची सगळ्यात गाजलेली गिटारही होती. नाव ‘फ्रँकेन्स्टाइन’. पाच मोडक्या बेसचे तुकडे जोडून त्याने ती स्वतः उभी केली होती.

पाचांची एक केली त्याने. आपण एकीच्या पाच करतो.

संग्रह करायचा तर खुशाल करावा. नाणी जमवणारे असतात, पोस्टाची तिकिटं जमवणारे असतात. त्यात वाईट काही नाही. मात्र मग तो संग्रह आहे, असं स्वतःशी आणि घरात कबूल करावं. ‘वाजवण्यासाठी लागते’ हे सांगू नये.

घरावरून आठवलं. नव्या गिटारीची किंमत घरी किती सांगितली जाते? अठ्ठेचाळीस हजारांची गिटार ‘अठराला पडली, सेकंड हँड’ होते. बायको विचारत नाही, कारण तिला गिटारी सगळ्या सारख्याच दिसतात. हप्ता मात्र दोघांच्या खात्यातून जातो. संगीतासाठी खोटं बोलावं लागत असेल, तर ते संगीतासाठी नाही.

पॉल मॅकार्टनीचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये बीटल्सना बेसवादक उरला नाही. ते काम पॉलकडे आलं. फेंडर त्याला परवडत नव्हती. तीसेक पौंडात त्याने व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर घेतली. तो डावरा, दोन्ही बाजू सारख्या असल्याने उलटी धरली तरी बरी दिसत होती. एवढाच विचार.

पुढचं जगाला माहीत आहे. ती गिटार १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली आणि पन्नासेक वर्षांनी सापडून २०२४ मध्ये तिची बातमी झाली. बातमी होण्यासारखं त्या गिटारीत सुतारकाम काय होतं? परवडली म्हणून घेतलेली ती स्वस्त गिटार होती. तिच्यावर गाणी झाली.

कॅरल के ही तर मुळात गिटारवादक. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवादक आलाच नाही, म्हणून हिच्या हाती बेस दिली. तिथून पुढे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये ही बाई अखंड वाजवत राहिली. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’वरही. फेंडर प्रिसिजन, हातात पिक, आणि तारा दबून वाजाव्यात म्हणून ब्रिजजवळ लावलेला फेल्टचा तुकडा.

फेल्टचा तुकडा! टोन म्हणतात तो हा. शिंप्याकडे कातरणात मिळेल.

उलट बाजूही मांडतो, कारण ती खरी आहे. बोटं आखूड असतील, खांदा धरत असेल, तर ३० इंचांची लहान, हलकी गिटार घ्यावी; दुखणं सोसून वाजवण्यात मोठेपणा नाही. गाण्यात खालचा बी सूर लागत असेल, तर पाचवी तार लागणारच. स्टुडिओत पोट भरणाऱ्याला फ्रेटलेस ठेवावी लागते, उद्या कुणी मागितली तर ‘नाही’ म्हणता येत नाही. शिवाय चढाईवर जाताना दोर तुटला तर दुसरा जवळ असावा, तशी कार्यक्रमाला एक जादा गिटार असावी. झाल्या दोन. फार तर तीन.

तीनच्या पुढे कारणं शोधावी लागतात. आणि जिथे कारणं शोधावी लागतात, तिथे गरज नसते.

खरं दुखणं वेगळंच आहे. नवी गिटार आली की आठवडाभर वाजवावीशी वाटते. तो आठवडा खरा असतो. बोटं हलतात, मन लागतं, जुनं गाणंही नवं वाटतं. आपण त्या आठवड्याचे पैसे मोजतो. आठवडा संपला की मेट्रोनोमवर तेच पलटे, तीच न जमणारी उडी, तोच चौथ्या मात्रेला घसरणारा ताल. तिथे कंटाळा येतो. तिथेच शिकणं सुरू होतं आणि तिथेच आपण दुकानाची वेबसाइट उघडतो.

बेसवादकाला तर हे मुळीच शोभत नाही. बँडमध्ये त्याचं काम काय? गायक सूर लावतो, गिटारवाला चमकतो, ड्रमर घाम गाळतो. बेसवादक ठरवतो की इथे दोन सूर पुरे, इथे एक, आणि इथे काहीच नको. ती रिकामी जागा त्याने सोडली म्हणून गाणं श्वास घेतं. चांगल्या आणि सामान्य बेसवादकात फरक कशाचा, हे कुठल्याही ड्रमरला विचारा. तो वेग सांगणार नाही. ‘कुठे थांबायचं ते त्याला कळतं,’ असं सांगेल.

गाण्यात थांबायला शिकलेला माणूस दुकानात का थांबू शकत नाही? की गाण्यातही अजून थांबता येत नाही?

रविवारच्या तालमीचं रेकॉर्डिंग ऐका. उत्तर त्यात आहे.

ऐकताना एवढं बघा. टोनचा नॉब शेवटचा कधी फिरवला? उजवा हात ब्रिजपासून नेककडे चार बोटं सरकवला, तर आवाज जाड आणि गोल होतो. ते कधी करून बघितलं? फ्लॅटवाउंड तारा एकदा तरी चढवल्या? एकाच गिटारीत तीन गिटारींचे आवाज आहेत. ते काढायला एक आख्खा महिना द्यावा लागतो. तो महिना कुठल्याही दुकानात सवलतीत मिळत नाही.

मग भिंतीवरच्या बाकीच्यांचं काय करायचं?

आपल्या शहरातल्या कुठल्याही कॉलेजच्या बँडकडे जा. गिटार वाजवणारी पोरं पैशाला पासरी. गाणारे रांगेत उभे. बेस? बेस कुणीतरी गिटारीच्या खालच्या तारांवर किंवा कीबोर्डच्या डाव्या हाताने भागवतो. मुलगा किंवा मुलगी असते, शिकायची तयारीही असते. गिटार नसते. आणि तिथून तीन स्टेशनांवर कुणाच्या तरी कपाटामागे एक बेस गिग बॅगेत पडून असते, दोन वर्षं चेन न उघडलेली.

ती काढा. तारा बदला, नेक सरळ करून घ्या, आतली बॅटरी फेकून नवी टाका. विकायची तर रास्त भावात विका, विकवत नसेल तर वर्षभरासाठी वापरायला द्या. बेसला आपल्याकडे सेकंड हँड गिऱ्हाईक लवकर मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण ती दुकानदाराची तक्रार झाली. शिकणाऱ्याला पैसे नसतात, एवढाच तिचा अर्थ.

त्या पोराला ओरखडे काढलेली नको आहे. समुद्री हिरवी नको, पाच तारांची नको, १९६२ ची तर नकोच. त्याला येत्या शनिवारी चार वाजता तालमीला बेस हवी आहे.